सेनापतीची सही

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाची नजर कोणत्याही कागदावर आधी खाली, सहीकडे जाते. पैसे कुणी मोजले यापेक्षा मंजुरी कुणी दिली, हा प्रश्न मोठा. युद्धातल्या कत्तलींनाही तोच प्रश्न विचारावा लागतो. गोळी झाडणारा शिपाई सापडतो. पण दूर मुख्यालयात बसलेल्या सेनापतीचा गुन्हा सिद्ध करायचा कसा?

बोस्नियातील स्रेब्रेनिका हे गाव संयुक्त राष्ट्रांनी १९९३ साली ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केले होते. जुलै १९९५ मध्ये जनरल रात्को म्लादिच यांच्या बोस्नियन सर्ब फौजेने ते घेतले. रक्षणासाठी ठेवलेली डच तुकडी हतबल ठरली. बायका-पोरांना बसगाड्यांत कोंबून बाहेर धाडण्यात आले आणि सुमारे आठ हजार मुसलमान पुरुष व मुलगे काही दिवसांत मारले गेले.

पुढे पुरावा लपवण्यासाठी यंत्रांनी खड्डे उकरून प्रेते दुसरीकडे नेऊन पुरली. पण यंत्राला इंधन लागते आणि फौजेत इंधनाला मंजुरी लागते. १४ सप्टेंबर १९९५ चा, ‘अभियांत्रिकी कामासाठी’ पाच टन इंधन देण्याचा मुख्यालयाचा हुकूम हेगच्या न्यायालयात दाखल झाला. जुन्या आणि नव्या खड्ड्यांतली माती जुळली, डोळ्यांवर बांधलेल्या पट्ट्या जुळल्या, काडतुसेही जुळली.

हे न्यायालय सरसकट शिक्षा वाटत सुटले नाही. जनरल राडिस्लाव क्रिस्टिच यांना २००१ मध्ये वंशसंहाराबद्दल ४६ वर्षांची कैद झाली. अपिलात २००४ साली न्यायाधीशांनी बारीक फरक केला. वरिष्ठांचा हेतू यांना ठाऊक होता, आपली माणसे आणि साधने त्यांनी वापरू दिली. पण तो हेतू यांचा स्वतःचा होता हे सिद्ध झाले नाही. म्हणून दोष ‘साहाय्य केल्याचा’ आणि शिक्षा ३५ वर्षे. समूहाने केलेल्या पापात ज्याचे त्याचे खाते असे वेगळे मांडले, म्हणूनच या निकालाला सूड म्हणता येत नाही.

तरी या न्यायाला स्वतःचे पोलीस नाहीत. म्लादिच यांच्यावर आरोप ठेवले १९९५ मध्ये. ते पकडले गेले २०११ मध्ये. युरोपीय संघाचे दार उघडायचे तर त्यांना स्वाधीन करणे भाग आहे, हे सर्बियाला कळून चुकले होते. २०१७ मध्ये जन्मठेप झाली, २०२१ मध्ये ती कायम झाली. २००२ पासून हेगमध्येच कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे. पण अमेरिका, रशिया, चीन त्याचे सदस्य नाहीत, आपला भारतही नाही. पराभूत किंवा एकाकी पडलेल्या देशाचा सेनापती कोर्टात उभा राहतो, बलाढ्य देशाचा सहसा नाही, ही तक्रार खोटी नाही.

मग या खटल्यांनी साधले काय? निदान ‘असे काही घडलेच नाही’ म्हणणाऱ्यांसमोर ठेवायला निकालपत्र आहे. दरवर्षी ११ जुलैला स्रेब्रेनिकाजवळच्या पोटोचारीत नव्याने ओळख पटलेल्यांचे दफन होते. एकाच माणसाची हाडे दोन-तीन खड्ड्यांत सापडतात. त्यामुळे काही आयांना पुरलेल्या मुलाची कबर पुन्हा उघडावी लागते, नंतर सापडलेले हाड आत ठेवण्यासाठी.