चित्रात जात नको म्हणे

मी मॅट्रिक. गोदीत गोणी उचलतो. एम.एफ.ए.चा अर्ज मला करता येत नाही, त्याला आधी पदवी लागते. पण आमच्या वस्तीतला एक पोरगा चित्रकलेची पदवी घेऊन कोलंबिया विद्यापीठाला अर्ज करतोय. आपल्या चित्रांचे फोटो, शिफारसपत्रं, आणि 'मी हेच का रंगवतो' सांगणारं निवेदन. ते निवेदन लिहायला तो माझ्याकडे आला.

भानगड पैशाची आहे. केंद्र सरकार अनुसूचित जातींच्या पोरांना परदेशी शिष्यवृत्ती देतं. 2022 साली तिच्या नियमांत एक ओळ घुसवली: भारताची संस्कृती, वारसा, इतिहास, समाज, यांवरच्या अभ्यासाला पैसा नाही. आणि हा रंगवतो काय? गटार, झाडू, मेलेलं ढोर. शहाणी माणसं त्याला सांगतात, 'रंग आणि अवकाश' असं काहीतरी लिही. साला, अवकाशात कोणाची झोपडी आहे?

बाबासाहेब 1913 साली बडोद्याच्या महिना साडेअकरा पौंडांवर याच कोलंबियात गेले. 9 मे 1916 ला तिथंच भारतातल्या जातींवर निबंध वाचला. या ओळीखाली तो निबंध बसला नसता. संस्थानिकाला झेपलं ते लोकांनी निवडलेल्या सरकारला झेपेना.

निवेदनात मी ढोर लिहिलंय, झाडू लिहिलाय. ते निवडतील न निवडतील. पण असली ओळ खोडायला मोर्चा काढणं त्या एकट्या पोराचं काम नाही. तोवर अर्जाच्या फीची वर्गणी काढू. माझे शंभर लिहून घ्या.