प्रचारतोफा थंडावल्या; मोबाइल मात्र तापलेलेच

महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीचा जाहीर प्रचार १८ नोव्हेंबर २०२४ रोजी सायंकाळी सहा वाजता संपला. ध्वनिक्षेपक बंद झाले, मंडप उतरले आणि प्रचाराच्या तोफा थंडावल्याची बातमी वृत्तपत्रांनी रिवाजाप्रमाणे छापली. प्रत्यक्षात गदारोळाचा दिवस अजून उजाडायचा होता.

१९ नोव्हेंबरला विरारमधील एका हॉटेलात भाजपचे राष्ट्रीय सरचिटणीस विनोद तावडे यांना बहुजन विकास आघाडीच्या कार्यकर्त्यांनी घेराव घातला. पैसेवाटपाचा आरोप तावडे यांनी फेटाळला. पण त्या गोंधळाच्या ध्वनिचित्रफिती तोवर मोबाइलवरून राज्यभर पोहोचल्या होत्या. त्याच रात्री भाजपने पत्रकार परिषदेत काही ध्वनिफिती ऐकवल्या. त्यांतील आवाज सुप्रिया सुळे व नाना पटोले यांचे असून बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरण्याचे हे संभाषण आहे, असा दावा करण्यात आला. दोघांनीही तो नाकारला. सुळे यांनी निवडणूक आयोग आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. या फिती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने तयार केल्या असण्याची शक्यता तथ्यतपासणी करणाऱ्यांनी नंतर वर्तवली. परंतु सकाळी सात वाजता मतदान सुरू झाले, तेव्हा मतदारापाशी केवळ आरोप आणि इन्कार होते.

त्या रात्रीने निकाल फिरवला, असे म्हणण्यास आधार नाही. महायुतीला २८८ पैकी २३० हून अधिक जागा मिळाल्या. प्रश्न आहे तो अटीतटीच्या लढतींचा. शे-दोनशे मतांनी फैसला होणाऱ्या मतदारसंघात अशी एक रात्र पुरेशी ठरू शकते.

कायदा दूरचित्रवाणीच्या काळातला

मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास मतदाराला निवांत विचार करता यावा, ही लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ मागील कल्पना. या कलमाला १९९६ मध्ये आजचे रूप मिळाले. जाहीर सभा, मिरवणुका, चित्रपट व दूरचित्रवाणीवरील प्रचार यांवर त्यात बंदी आहे. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा भारतात सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. सभेला वक्ता असतो, जाहिरातीला जाहिरातदार असतो; त्यामुळे कारवाई कोणावर करायची, हे ठाऊक असते. पुढे ढकललेल्या संदेशाला असा कोणी धनी उरत नाही.

आयोगाने या बदलाकडे दुर्लक्ष केले, असे नाही. उमेदवारांनी समाजमाध्यमांवरील आपली खाती प्रतिज्ञापत्रात जाहीर करावीत, तेथील जाहिरातींना पूर्वमान्यता घ्यावी आणि त्यांचा खर्च हिशेबात दाखवावा, असे निर्देश ऑक्टोबर २०१३ मध्येच निघाले. शांतता काळातील आक्षेपार्ह मजकुरावर आयोगाने कळवल्यापासून तीन तासांत कार्यवाही करण्याचे कंपन्यांनी २०१९ मध्ये मान्य केले. बनावट मजकूर निदर्शनास आल्यापासून तीन तासांत हटवण्याचा आदेश मे २०२४ मध्ये राजकीय पक्षांनाही देण्यात आला.

तथापि, हे सारे उपाय मजकूर उघड्यावर असेल, तरच लागू पडतात. 'व्हॉट्सअॅप'वरील संदेश धाडणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाही वाचता येत नाही. खर्चाचेही तसेच. विधानसभेच्या उमेदवारासाठी २०२२ मध्ये ४० लाख रुपयांची मर्यादा ठरली. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही. मग शेकडो गट चालवणाऱ्या 'स्वयंसेवकां'चा खर्च कोणाच्या खाती मांडायचा?

बातमीचा बदललेला उंबरठा

या बदलाचे मूळ घराघरांतील सवयीत आहे. सकाळी दारात पडणारे वृत्तपत्र आणि दूरदर्शनच्या सातच्या बातम्या, हा शहरी मराठी कुटुंबाचा अनेक वर्षांचा परिपाठ होता. त्या बातम्याही निर्दोष नसत. पण चूक कोणाची, हे कळे आणि खुलासा मागता येई. आज बातमी सोसायटीच्या गटातून येते, शाळेतल्या जुन्या मित्राकडून येते, मावसभावाकडून येते. मूळ मजकूर कोणाचा, हे विचारले जात नाही. पाठवणारा आपला आहे, एवढेच पुरेसे वाटते. प्रचारयंत्रणांनी नेमकी हीच आपुलकी हेरली आहे. अनोळखी कार्यकर्त्याने दिलेले पत्रक माणूस चुरगाळून टाकतो, काकांनी पाठवलेला संदेश सहसा वाचतो.

ही सवय किती महागात पडू शकते, हे महाराष्ट्राने निवडणुकीबाहेरही पाहिले आहे. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेतून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्यानंतर त्याच महिन्यात 'व्हॉट्सअॅप'ने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. अफवेचा वेग त्यामुळे कमी होतो. ती थांबतेच असे नाही.

खासगी संदेश वाचण्याचा अधिकार सरकारला द्यावा, हा उपाय रोगापेक्षा भयंकर ठरेल. त्यापेक्षा पक्षांच्या समाजमाध्यमांवरील खर्चाला मर्यादा आणि हिशेब लागू करणे कायद्याच्या आवाक्यातले आहे. शांतता काळात तपासणी न झालेली ध्वनिफीत पत्रकार परिषदेतून प्रसृत करणाऱ्या पक्षाला जबाबदार धरण्यातही अडचण नसावी, कारण तेथे बोलणारा समोर असतो. वृत्तसंस्थळांनीही अशा रात्री दावा कोणाचा, इन्कार कोणाचा आणि पडताळणी झाली की नाही, हे मथळ्यातच सांगायला हवे. वाचक मथळ्यापुढे जातोच असे नाही आणि सकाळी त्याला मतदानाला जायचे असते.