काउंटरवर रीटेक नसतो

बँकेतल्या माणसाने हेरकथेवर मत देऊ नये, असा आमच्या केंदुरात काही नियम आहे की काय कोण जाणे. परवा रात्री मी मोबाइलवर १९५४ सालचा ‘कॅसिनो रॉयल’ लावला होता. पुतण्या डोकावून म्हणाला, “काका, काय हे भंगार! खरा पिच्चर २००६चा, डॅनियल क्रेगचा. बाकीचे रद्दीत घाला.”

पोराचं सोडा, पण चांगली शिकलेली माणसंही हेच म्हणतात, म्हणून हा तक्रार अर्ज.

इयान फ्लेमिंगची ही पहिली कादंबरी १९५३ची. लोक तिला हेरकथा म्हणतात. बी. कॉम. झालेल्या माणसाला विचाराल, तर ती शुद्ध अफरातफरीची केस आहे! ल शिफ्र हा कामगार संघटनेचा खजिनदार. विश्वासाने सोपवलेले पाच कोटी फ्रँक त्याने परस्पर भलत्या धंद्यात घातले. कायदा बदलला, धंदा बसला. आता वरून चौकशी यायच्या आत तूट भरायला गडी जुगाराच्या टेबलावर बसलाय. म्हणजे इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्रीचा कॅशियरच की हो! बाँड मधे येतो तो ओव्हरटाइमला.

१९५४चा प्रयोग अमेरिकन टीव्हीवर थेट प्रक्षेपित झाला, तासाभराचा. बाँडला त्यांनी अमेरिकन करून ‘जिमी’ म्हटलं, हे कबूल. आमच्या साहेबांना कुणी ‘बंड्या’ म्हणावं तसंच ते. पण ल शिफ्र झालेल्या पीटर लॉरेचा चेहरा बघा. जत्रेतल्या तमाशासारखा सगळा रोकडा मामला. चुकलं की चुकलं.

काउंटरवरही रीटेक नसतो. २०१६च्या नोटबंदीत, दारापासून पारापर्यंत रांग असताना, माझ्या हातून दोन हजाराची कोरी नोट दुसरीला चिकटून गेली. रात्री नऊपर्यंत कॅश टॅली होईना. शेवटी खिशातून भरली. पण त्या चार तासांत सगळे माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती अजून विसरलो नाही.

आता १९६७चा. पाच दिग्दर्शक, लग्नात पाच आचारी ठेवल्यावर आमटीचं जे होतं तेच झालं. तरी त्यात एक थट्टा लाखमोलाची आहे : सगळ्याच हेरांना ‘जेम्स बाँड ००७’ म्हणायचं असा हुकूम निघतो. तेव्हा लोक हसले. पण पुढे लेझनबी, मूर, डाल्टन, ब्रॉस्नन आणि तुमचा क्रेग, पाच जणांनी ती खरी करून दाखवली. कारकून जातो, खुर्ची राहते. ज्या सिनेमाला तुम्ही रद्दीत घालता, त्यानेच क्रेगची नेमणूक एकोणचाळीस वर्षं आधी मंजूर केली होती!

क्रेगचा सिनेमा उत्तम आहे, वाद नाही. पण धाकटा हुशार निघाला म्हणून थोरल्यांची नावं रेशनकार्डावरून कुणी खोडत नाही.

पुतण्या एव्हाना शेजारी टेकला होता. लॉरेकडे बघत म्हणाला, “काका, ह्याची कॅश कितीने शॉर्ट?”

म्हटलं, “रक्कम सोड रे. माझी दोनच हजारांनी होती, पण चेहरा हाच होता.”