फणीचे दात

सभेत मध्येच ओरडून वक्त्याला बेजार करणे, एवढाच ‘हेकल’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आज घेतला जातो. मला तो अपुरा वाटतो. हेकल म्हणजे मुळात लोखंडी दातांची फणी. जवसाचे तंतू तिच्यातून ओढले की गुंता सुटतो, आखूड चोथा दातांत अडकून राहतो आणि लांब, सरळ धागा हाती येतो. स्कॉटलंडमध्ये, जिथे हा धंदा जोरात होता, निवडणुकीच्या उमेदवाराला भरसभेत प्रश्न विचारून धारेवर धरण्यालाही हाच शब्द लागला. म्हणजे अडवायचे ते उत्तर काढून घेण्यासाठी. यावर कोणी म्हणेल, मूळ काहीही असो, अर्थ ठरतो तो आजच्या वापरावरून. मान्य. पण आजचा वापरही नीट पाहावा: श्रोत्यांच्या गोंधळाच्या धास्तीने पोलीस भाषणच बंद पाडतात, तेव्हा अमेरिकी कायद्याच्या चर्चेत नुसते ‘हेकलिंग’ पुरत नाही, ‘हेकलर्स व्हेटो’ म्हणावे लागते. नकाराधिकार वरून जोडावा लागतो, कारण साध्या हेकलिंगमध्ये वक्त्याची बोलण्याची पाळी शाबूत असते. स्टँड-अपवाले तर अशा टोमण्यावरच दुप्पट हशा वसूल करतात.