आईला उगीच वाटतं का?

आपल्या बुऱ्हाणपुरात दवाखान्याच्या बाकावर मराठी, हिंदी, उर्दू, निमाडी सगळं ऐकू येतं. डॉक्टरांसमोर मात्र बहुतेक हिंदीच. मागे आईला घेऊन एका दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "इनको कब से तकलीफ है?" मीच सगळं सांगितलं, चिठ्ठी घेतली आणि आम्ही निघालो. रिक्षात आई म्हणाली, "औषध चांगलंच दिलं असेल गं, पण त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

मी म्हटलं, "अगं, गर्दी किती होती! तुला उगीच वाटतं."

खरंच उगीच वाटतं का? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं आहे. 30 डॉक्टरांकडे आलेल्या 215 रुग्णांच्या भेटी त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. भेटीनंतर डॉक्टरांना विचारलं, या रुग्णाबद्दल तुम्हाला किती आदर वाटतो? रुग्णालाही विचारलं, डॉक्टरांना तुमच्याबद्दल आदर आहे असं वाटलं का? निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टरांच्या मनात आदर जास्त होता, तिथे रुग्णालाही तो जास्त जाणवला होता. शिवाय त्या रुग्णांना डॉक्टरांनी माहिती जास्त दिली होती आणि ते आपुलकीनं बोलले होते. म्हणजे हा नुसता मानपानाचा प्रश्न नाही.

प्रत्येक वेळी रुग्णाचा अंदाज बरोबरच असतो असं नाही. बाहेर रांग लागली की चांगला डॉक्टरही घाईत बोलतो. पण 'उगीच वाटतं' म्हणून विषय संपवणं चूकच.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. डॉक्टरांना चांगल्या ओळखीच्या रुग्णांबद्दल जास्त आदर वाटत होता. ही ओळख वाढवणं थोडंफार आपल्या हातात आहे. सारखे डॉक्टर बदलू नका. जुनी फाइल सोबत ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आजी-आजोबांच्या वतीनं तुम्हीच बोलत सुटू नका.

पुढच्या वेळी मी डॉक्टरांना म्हटलं, "आई ही बताएगी, मराठी में. अटकेगा तो मैं हूँ." आई हळूहळू बोलली. संध्याकाळची गोळी घेतली की चक्कर येते, म्हणून पंधरा दिवसांपासून तिनं ती बंदच केली होती. एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, तिच्याकडे वळून नीट ऐकलं आणि गोळी बदलून दिली.

रिक्षात मी विचारलं, "आज कसे वाटले डॉक्टर?"

"आज बोलले माझ्याशी," आई म्हणाली.