आई दाराबाहेरची नव्हे

ख्रिस्ती शिकवण घरे मोडते, हा आरोप जुना आहे आणि तो करणारे पुराव्याला शुभवर्तमानच पुढे ठेवतात. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात आई आणि भाऊ बाहेर उभे राहून येशूला बोलावतात, तेव्हा तो भोवती बसलेल्यांकडे पाहतो आणि देवाच्या इच्छेप्रमाणे चालणाऱ्यांना आपली आई, आपले भाऊबहीण ठरवतो. लूकच्या चौदाव्या अध्यायात तर मायबापांचा द्वेष ही शिष्यत्वाची अटच दिसते. दुःख याचे, की काही विश्वासणारेही हाच अर्थ धरून बसले आहेत. ‘मंडळी हेच माझे खरे कुटुंब’ म्हणत ते रविवारी पहिल्या बाकावर असतात आणि म्हाताऱ्या आईच्या औषधांची चिठ्ठी घरी आठवडाभर तशीच पडलेली असते.

आधी ‘द्वेष’ हा शब्द पाहू. उत्पत्तीच्या एकोणतिसाव्या अध्यायात याकोबाचे लेआपेक्षा राहेलवर अधिक प्रेम होते असे सांगितले आहे. लगेच पुढच्या वचनात लेआच्या बाबतीत मूळ इब्रीत द्वेषाचाच शब्द येतो. आपल्या कहाण्यांतल्या आवडत्या आणि नावडत्या राणीची जोडी आठवली, की त्या बोलीतला ‘द्वेष’ म्हणजे दुसरे स्थान हे कळते. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात तर मायबापांवर माझ्यापेक्षा अधिक प्रेम करू नका, असा उलगडाच आहे. प्रश्न क्रमाचा आहे. देव पहिला, हे सांगितल्याने आईचे प्रेम कमी होत नाही.

आता त्या दाराबाहेरच्या माणसांकडे वळू. मार्कच्या त्याच तिसऱ्या अध्यायात थोडे आधी येते, की येशूला भ्रम झाला आहे असे समजून घरची माणसे त्याला धरून न्यायला निघाली होती. काम सोड आणि परत चल, ही त्यांची मागणी होती. त्याने ती नाकारली. नाते तोडले नाही. पुढे प्रेषितांच्या कृत्यांत यरुशलेमच्या माडीवर प्रार्थना करणाऱ्यांत त्याची आई आहे, भाऊही आहेत. या भावांतला याकोब पुढे तिथल्या मंडळीचा आधारस्तंभ झाला.

आणि जे देवाचे नाव घेऊन घर टाकतात, त्यांचे काय? त्यांना येशूनेच मार्कच्या सातव्या अध्यायात उत्तर दिले आहे. आपली मिळकत ‘कर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेली, असे एकदा म्हटले की मायबापांना तिच्यातून काही द्यायला नको, अशी पळवाट त्या काळी काढली जाई. माणसांच्या या रूढीने देवाची आज्ञाच रद्द केली, असे त्याने परुश्यांना तोंडावर सुनावले. आजचे कर्बान पैशाचेच असते असे नाही. वेळेचेही असते, सेवाकार्याचेही असते.

देवाला पहिले स्थान देणे घरात दुःख न देता घडते, असा माझा दावा नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ते दुःख हलके लेखता येणार नाही. पण त्याच पुस्तकात पुढचेही आहे. लक्ष्मीबाई पुन्हा नवऱ्याजवळ राहायला आल्या, त्या स्वतः हिंदू असतानाच. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला. विश्वास न ठेवणारी बायको सोबत राहायला राजी असेल तर तिला टाकू नये, असे पौलाने करिंथकरांना लिहिले होतेच.

मग आत्मिक नात्याचे मोल काय? ते वधस्तंभापाशी दिसते. मरणाच्या वेदनेत येशूने आईला आपल्या लाडक्या शिष्याच्या हवाली केले. योहान सांगतो, त्या घटकेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतले. रक्ताचा संबंध नसताना तो तिचा मुलगा झाला, म्हणजे त्याने तिच्या भाकरीची आणि निवाऱ्याची जबाबदारी उचलली.

पौलानेही तीमथ्याला पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात हेच दोन पदर एकत्र विणून दिले आहेत. मंडळीतल्या वडील स्त्रियांना आईसारखे मान, असे तो सांगतो. विधवेला मुले-नातवंडे असतील तर त्यांनी आधी तिचे पाहावे, म्हणजे जिला कोणीच नाही तिच्याकडे मंडळीला पाहता येईल, हेही सांगतो. घरच्यांची तरतूद न करणारा त्याच्या लेखी विश्वास नाकारणारा आहे. मंडळीतल्या एकाकी म्हातारीला ‘आई’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला जरूर आहे. तो शब्द आपण ज्या घरात शिकलो, तिथली चिठ्ठी मात्र आधी औषधवाल्याकडे पोचली पाहिजे.