शब्द द्यावा, पण पाळता येईल तेवढाच



मॉस्कोच्या क्रेमलिनमधील संग्रहालयात एक सिंहासन आहे. शेकडो हिरे, माणके आणि पिरोजे जडवलेले हे सिंहासन 1660 साली रशियाचा झार अलेक्सेई मिखाइलोविच याला नजर करण्यात आले. देणारा कोणी बादशहा नव्हता. इराणमधील इस्फहानच्या शहरिमानियान या आर्मेनियन व्यापारी घराण्याने ते दिले होते. व्यापाऱ्यांनी परक्या राजाला एवढा मोठा नजराणा कशासाठी द्यावा?

हे आर्मेनियन ख्रिस्ती व्यापारी मूळचे अरस नदीकाठच्या जुल्फा गावचे. उस्मानी फौजा जवळ येत होत्या, तेव्हा 1604 साली शहा अब्बासने ते गाव सक्तीने रिकामे करवले. त्या स्थलांतरात लोकांचे अतोनात हाल झाले, अनेकांचे प्राण गेले. पुढे इस्फहानला नदीपलीकडे शहाने त्यांना जमीन दिली आणि 'नवे जुल्फा' वसले. तिथे त्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा होती आणि त्यांचा स्वतःचा कलंतर, म्हणजे प्रमुख, असे. इराणचे रेशीम परदेशी पोहोचवण्याचे काम प्रामुख्याने याच लोकांच्या हाती आले. उजाड झालेल्या माणसांनी दोन पिढ्यांत ॲमस्टरडॅमपासून आपल्या सुरतेपर्यंत पेढ्या उभ्या केल्या.

हे रेशीम उस्मानी मुलखातून हलब आणि इझमीरला जाई व तिथून युरोपात. पण इराण आणि उस्मानींमध्ये युद्ध पेटले की वाट बंद. म्हणून व्यापाऱ्यांना दुसरी वाट हवी होती: कॅस्पियन समुद्र ओलांडून आस्त्राखान, तिथून व्होल्गा नदीने वर मॉस्कोकडे आणि उत्तरेच्या अर्खांगेल्स्क बंदरातून हॉलंडला. ही सारी वाट झारच्या मुलखातली. सिंहासनाच्या नजराण्यामागचे इंगित हेच.

1667 साली करार झाला. झारच्या बाजूने ऑर्दिन-नाश्चोकिन हा मुत्सद्दी या व्यापाराच्या मागे होता, तर नव्या जुल्फाच्या व्यापाऱ्यांतर्फे ग्रिगोर लुसिकेन्त्स बोलणी करत होता. ठरले ते असे, की आर्मेनियन व्यापाऱ्यांनी आपले रेशीम उस्मानी वाटेने न नेता रशियात आणायचे. बदल्यात झारने त्यांना ठरावीक जकातीवर व्यापाराची सवलत आणि वाटेत संरक्षण द्यायचे.

मात्र कागदावर ठरले तसे घडले नाही. 1670 साली स्तेन्का राझिनच्या बंडखोरांनी आस्त्राखानच ताब्यात घेतले. झारचे संरक्षण ऐन वेळी तोकडे पडले. दुसरीकडे, बरेचसे रेशीम इझमीरला जातच राहिले. मॉस्कोच्या व्यापाऱ्यांना या परक्यांची सवलत आधीपासून खुपत होती; त्यांनी तक्रारी केल्या. अखेर 1673 साली नव्याने बोलणी करावी लागली.

मग हे व्यापारी बेइमान होते का? आमच्या मते, तसे म्हणणे अन्यायाचे होईल. नव्या जुल्फात एकच पेढी नव्हती. अनेक घराणी होती, प्रत्येकाचे भांडवल वेगळे, हिशेब वेगळा. सगळ्यांच्या रेशमाचा शब्द एक-दोन माणसांनी दिला खरा, पण शेजाऱ्याचा माल कोणत्या वाटेने जावा हे त्यांच्या हातात कुठे होते?

याच लोकांचा आपसातला व्यवहार पाहिला तर चित्र अगदी उलट दिसते. घरचा मोठा व्यापारी, म्हणजे खोजा, तरुण मुनिमाला भांडवल देई. मुनीम ते घेऊन वर्षानुवर्षे मुलूखगिरी करी. नफ्यातला साधारण चौथा ते तिसरा हिस्सा मुनिमाचा. प्रामाणिकपणे वागूनही तोटा आला, तर भांडवलाची झळ मालकाला आणि मुनिमाची मेहनत वाया. हा व्यवहार आपल्या ओळखीचा आहे. फिकहमध्ये यालाच मुदारबत म्हणतात. प्रेषित मुहम्मद (स.) हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन शामला गेले होते, तो व्यवहारही याच जातीचा.

मुनिमाने रोजच्या रोज खतावणी लिहायची, पत्राने खबर द्यायची आणि परतल्यावर पैन्‌पैचा हिशेब मांडायचा, असा रिवाज होता. होव्हान्नेस नावाच्या अशाच एका मुनिमाची खतावणी आजही उपलब्ध आहे. 1682 साली नव्या जुल्फाहून निघून तो सुरत, आग्रा करत थेट ल्हासापर्यंत गेला होता. मालक हजारो मैल दूर होता, पण खतावणी मुनिमाजवळ होती आणि घरच्या माणसांची अब्रू जुल्फात होती. जो फसवेल त्याची बातमी पत्रांतून सगळीकडे पोहोचे आणि मग त्याला कोणी भांडवल देत नसे.

आता आपल्या घरांकडे पाहू या. आखातात राबणारा भाऊ गावच्या भावाला दुकानासाठी पैसे पाठवतो. कर्ज म्हणून, भागीदारी म्हणून की मदत म्हणून, हे कोणी विचारत नाही. "घरातल्या घरात लिहायचे काय?" असे म्हटले जाते. दुकान चालले तर हिश्शावरून आणि बुडाले तर मुद्दलावरून भांडण. शेवटी ईदलाही भाऊ एकमेकांच्या दारी जात नाहीत. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, साक्षीदारांसह. ती आपण परक्यांपुरती समजून बसलो आहोत.

म्हणून आमची विनंती एवढीच: पैसे देण्याआधी एक कागद करा. रक्कम किती, नफ्यात कोणाचा किती हिस्सा, तोटा कोणाचा, हिशेब कधी दाखवायचा, हे त्यात लिहा. दोन साक्षीदार घ्या. आणि घरातल्या इतरांच्या वतीने शब्द देण्याआधी त्यांना विचारा. बहिणींना आणि आईलाही विचारा, कारण त्यांचाही हक्क त्या मालमत्तेत असतो.

अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो आणि नाती सलामत ठेवो. आमीन.